पुढचा खांदा माझा होता

मला मधुमेह आहे हे मी गावात चार वर्षं लपवलं, आणि त्या लपवण्यापायी माझ्या चुलतभावाचं हाड मोडलं. एवढं एक वाक्य लिहायला मी टेबलाशी किती वेळा बसलो आणि किती वेळा उठून खिडकीत गेलो ते माझ्या बायकोला, मंगलला विचारा.

खरं म्हणजे मला वेगळंच लिहायला सांगितलं होतं. ज्यांच्याकडे मी व्यायाम शिकतो त्या फिजिओथेरपिस्ट नेहा मॅडम म्हणाल्या, "काका, साखर असलेली माणसं फक्त चालतात. वजनं उचला म्हटलं की घाबरतात. तुमचा अनुभव लिहा, मी इथे येणाऱ्यांना वाचायला देईन." मी हो म्हटलं. पण वजनं कशी उचलतो हे लिहायचं तर वजनं उचलायला का लागलो हे सांगावं लागतं, आणि ते सांगायचं तर शिमग्याच्या पालखीपर्यंत जावं लागतं. तिथे जायची माझी तयारी नव्हती. आता आहे. निदान आज सकाळी तरी आहे, म्हणून भरभर लिहितो.

मी बावन्न वर्षांचा. रत्नागिरीत एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. माझं काम काचेची भांडी धुवून जागेवर ठेवायचं आणि कमी बोलायचं. दोन्ही मला जमतं. गाव जयगडच्या रस्त्याला, एसटीनं तासाभरावर. तिथे आमचं आणि काकांचं घर एकाच आवारात. काकांचा मुलगा दिगंबर, म्हणजे दिगू, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. मला भाई म्हणतो. टेम्पो चालवतो, मोसमात आंब्याच्या पेट्या, एरवी चिरे, वाळू, लग्नाची भांडी, जे मिळेल ते.

*

साखर सापडली ती कालवांमुळे. ओहोटीला दिगू आणि मी खाडीतल्या खडकांवर कालवं काढायला गेलो होतो. शिंपलीचं धारदार कवच तळपायाला लागलं. तसं ते दर वर्षी लागतं. हळद दाबायची आणि विसरायचं. या वेळी तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. शहरातल्या डॉक्टरांनी पट्टी करता करता विचारलं, "रक्त कधी तपासलंयत?"

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टर चांगले. त्यांनी कागदावर ताट काढून दाखवलं, भाजी एवढी, भात एवढा. मी मान हलवत होतो आणि ऐकत काहीच नव्हतो. डोक्यात वडील. ते याच आजारानं गेले. आधी अंगठा, मग पाऊल, मग ते. घरात त्याला साखर असं कधी कुणी म्हटलं नाही. 'बाबांची कमजोरी' म्हणायचे. मीही तसाच. रिपोर्ट स्कूटरच्या डिकीत टाकला, रेनकोटाखाली. आठ दिवस तो तिथेच पडून होता.

मंगलला तो सापडला. "रेनकोट वाळत घालायला काढला," एवढंच बोलली आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवला. मग जेवायला वाढताना म्हणाली, "गावात कळू द्यायचं नसेल ना तुम्हाला?"

तिला मी कळतो. ते सोपं नाही माझ्यासाठी.

*

गावात का नाही, ते सांगतो.

शिमग्याला आमच्या ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. अंगणात आली की ती खांद्यावर घेऊन नाचवतात. आमच्या गावात नाचवताना दोघंच. एक पुढे, एक मागे. आमच्या वाडीत हा मान आमच्या दोन घरांचा. पुढचा खांदा थोरल्या घराचा म्हणजे माझा, मागचा दिगूचा.

त्याआधी पुढचा खांदा वडिलांचा होता. त्यांचं पाऊल कापलं त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो. मी दांड्याखाली उभा राहिलो आणि वडील ओट्यावर पाय चादरीनं झाकून बसले. ढोल वाजायला लागल्यावर त्यांनी मान फिरवली आणि माडाकडे बघत राहिले. तो चेहरा मला माझ्यावर नको होता. गावात साखर कळली की "आता तुला झेपायचं नाय, पुतण्याला उभा कर" असं म्हणायला किती वेळ लागतो?

म्हणून गावात मला काही झालेलंच नव्हतं.

*

आणि मग मी वेड्यासारखा बारीक झालो.

भात बंद. गोड बंद, ठीक आहे. पण मी मासेही सोडले, डाळही अर्धी केली. सकाळी कारल्याचा रस. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत चालत जायचो, समुद्राला हात लावल्यासारखं करायचो आणि परत. ब्याऐंशी किलोचा सहासष्ट झालो. रिपोर्टातले आकडे उतरले. स्टाफरूममध्ये कौतुक. "काय हो, लग्न ठरलं की काय?" मला फार बरं वाटायचं. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला थोडंसं पुरतं.

घरात मात्र मी असह्य झालो होतो. मंगलनं घावन केले की मी ताट सरकवायचो. "तुला मला मारायचंय काय?" असंही एकदा म्हटलं मी. दुसऱ्या दिवसापासून तिनंही भात सोडला, आणि तिला भाताशिवाय चालत नाही.

काही खुणा दिसत होत्या. गॅसचा सिलिंडर सरकवता येईना; मंगल सरकवायची, मी फोनवर असल्याचं दाखवायचो. शाळेच्या जिन्यावर कठडा धरायला लागलो. गावच्या घरी संडासात उकिडवं बसल्यावर भिंतीला धरल्याशिवाय उठता येईना. हे कुणाला सांगणार? मी स्वतःलाही सांगितलं नाही. वजन उतरलंय, आकडे उतरलेत, म्हणजे सगळं बरोबर चाललंय.

*

गेल्या वर्षीचा शिमगा.

आमच्याकडे रीत अशी, की पालखी आपल्या अंगणात येऊन ओटी भरेपर्यंत खांदेकऱ्यानं अन्न घ्यायचं नाही. पाणी चालतं. पालखी कधी येईल त्याचा नेम नसतो. आधीच्या वाडीत कुणी आग्रह केला की दोन तास इकडचे तिकडे.

सकाळी सात वाजता मी गोळी घेतली. गोळी चुकवायची नाही, हे मी पाठ केलं होतं. उपाशीपोटी घ्यायची नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन नियम समोरासमोर आले तेव्हा मी देवीचाही मोडला नाही आणि गोळीचाही मोडला नाही, अशी स्वतःची समजूत घातली. असली हुशारी आमच्यातलाच माणूस करू जाणे.

दुपारी मंगलनं माजघरातून हाक मारली. "अर्धी भाकरी खाऊन घ्या. देवी काय आत बघायला येत नाही."

"येते आहे ना," मी म्हटलं. "तीनच्या सुमाराला."

विनोद सुचत होते मला.

पालखी खरंच तीनला आली. तोवर माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि बोटं थरथरत होती. उन्हाचा घाम असेल म्हटलं. ढोल सुरू झाले, दिगूनं मागून आरोळी दिली आणि आम्ही पालखी उचलली. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीला ढोलाच्या ठेक्यावर खाली बसायचं असतं, म्हणजे दांडा खांद्यावर ठेवून गुडघे वाकवायचे आणि पुढच्या ठोक्याला वर यायचं. तेहेतीस वर्षं मी ते केलं होतं.

खाली गेलो. वर आलो नाही.

माझा गुडघा जमिनीला लागला. दांडा पुढे खचला, मागे दिगूच्या खांद्यावर सगळा भार तिरका आला, त्याचा पाय फिरला आणि तो आडवा झाला. चारसहा जणांनी धावून माझ्या बाजूचा दांडा धरला, मला कुणीतरी काखेत हात घालून उचललं. त्यामुळे मी उभा दिसत होतो. पडलेला दिसत होता फक्त दिगू.

पालखीचं एक टोक मातीला टेकलं होतं. ढोल थांबले. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मागून कुणीतरी बोललं, "घेतलेली दिसते परत."

दिगू पूर्वी प्यायचा. देवीसमोर नारळ ठेवून त्यानं सोडली त्याला दोन वर्षं झाली होती.

मंगलनं माझ्या हातात तांब्या दिला, गुळाचं पाणी होतं. ते प्यायलो आणि दहाएक मिनिटांत माझं डोकं जाग्यावर आलं. म्हणजे पुढे मी जे बोललो ते पूर्ण शुद्धीत बोललो. हे मुद्दाम लिहितो.

*

दिगूला त्याच्याच टेम्पोतून रत्नागिरीला नेलं. शेजारचा एक जण चालवत होता, दिगू मधे, मी दाराशी. खड्डा आला की दिगू दात आवळायचा.

"भाई."

"काय रे?"

"पुढं तू बसलास काय?"

एवढाच प्रश्न. त्यात आरोपही नव्हता.

"नाय रे," मी म्हटलं. "तुझाच पाय सरकला असेल."

"मला वाटलं पुढचं आधी गेलं."

"घाईत तसं वाटतं."

"व्हय. असेल." मग पुढच्या खड्ड्यानंतर, "पण भाई, मी घेतली नव्हती हां. आईशप्पथ."

"माहीत आहे मला."

"लोक बोलतील."

"बोलू देत."

टेम्पो चालवणाऱ्यानं सगळं ऐकलं आणि गावात जाऊन सांगितलं की पाय सरकल्याचं दिगूनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

*

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कॉलरबोन. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. त्याची बायको सुमन रात्री थांबायची, दिवसा मी. रजा टाकली होती. सगळे म्हणत, भाऊ असावा तर असा.

इस्पितळात दिवस घड्याळावर चालत नाही, आवाजांवर चालतो. पहाटे बादलीचा आवाज, मग चहाची किटली, मग राउंडला येणाऱ्या डॉक्टरांचे बूट, मग डबे उघडल्याचे. मला एका जागी बसवायचं नाही. औषधं आणायला जायचो, नसलेली औषधं आणायला जायचो, पार्किंगमध्ये उगाच स्कूटर पुसायचो.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे गावचे मानकरी, गावकीची बैठक तेच चालवतात. "गावकी बसली होती," ते म्हणाले. "पालखी मातीला लागली, लोक घाबरलेत. दिगूनं आता पालखीला हात लावायचा नाय असं ठरलंय. तू घरचा मोठा, तूच सांग त्याला."

तेव्हाच सांगता आलं असतं. आप्पा फोनवर होते, मी एकटा जिन्यात उभा होतो. मी म्हटलं, "बरं."

दिगूला सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "सुमनला आज नको सांगू," एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी मला जिन्यात घेरी आली. गोळ्या चालू होत्या आणि जेवणाचं भान नव्हतं. वॉर्डच्या सिस्टरनं दंड धरून स्टुलावर बसवलं, बोटाला सुई टोचली आणि यंत्राकडे बघून मला म्हणाली, "तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात की पेशंट?"

मी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून तिला दाखवली.

तिनं आपल्या चहात तीन चमचे साखर ढवळून तो कप मला दिला. "प्या. आणि कुणाला सांगू नका, आम्ही आमचा चहा नातेवाइकांना देत नाही." मी पीत असेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग पुन्हा बोट टोचून बघितलं. "आज संध्याकाळी तुमच्या डॉक्टरांकडे जा. जाताय की मी पेशंटच्या बायकोला सांगू?"

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. राहून गेलं.

*

डॉक्टरांकडे माझ्या आजाराचं दुसरं निदान झालं.

मी त्यांना उपास आणि गोळीचं सांगितलं. पालखी खाली गेल्याचं सांगितलं. दिगूला काय बोललो ते सांगितलं नाही. त्यांनी गोळी बदलली. मग म्हणाले, "हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून उठा."

मी उठायला गेलो आणि परत बसलो. पुन्हा प्रयत्न केला. अंग पुढे झुकत होतं, मांड्या हलत होत्या, पण खुर्ची सुटत नव्हती. बावन्न वर्षांचा माणूस. बाहेर पेशंट खोकत होते.

"वजन गेलं म्हणून तुम्ही खूष होतात," डॉक्टर म्हणाले. "मीही होतो, माझंही चुकलं. चरबीबरोबर अंगातलं मांस गेलंय. खाल्लेली साखर जाते कुठे? बरीचशी स्नायूंत. ती कोठारंच तुम्ही पाडून ठेवलीत. चालणं चालू ठेवा, पण आता ताकद कमवा. आणि जेवा. मासे खा, डाळ खा."

मंगलला घरी येऊन सांगितलं. तिनं बांगड्याचं तिखलं केलं. वाढताना म्हणाली, "गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. दिगूभावोजींना कळलंय?"

मी काटे काढत राहिलो.

*

डॉक्टरांनी मला पाठवलं ते नेहा मॅडमचं केंद्र एका औषधांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. टाके काढल्यावर दिगूला खांद्यासाठी तिथेच पाठवलं. म्हणजे मंगळवार-शुक्रवार आम्ही दोघं एकाच खोलीत. तो खिडकीच्या गजाला बांधलेलं रबर ओढायचा, मी भिंतीशी खुर्चीतून उठायचो आणि बसायचो. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा होत्या.

"भाई, तुला काय बाळंतिणीचा व्यायाम दिलानी काय?" दिगू विचारायचा. "हाड मोडलं माझं, उठाबशा तुला?"

"गुडघे दुखतात," मी म्हणायचो. आणखी एक खोटं. एकावर एक रचत गेलं की ती जड वाटत नाहीत.

नेहा मॅडमना मी बजावलं होतं, साखरेचं त्याच्यासमोर नको. त्या मला कोपऱ्यात नेऊन विचारायच्या, "खाऊन आलात? खिशात साखरेची पुडी आहे? श्वास कोंडून ठेवू नका, उचलताना सोडायचा." शंभरदा सांगून झालेली गोष्ट त्या पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायच्या. जड वजनं देण्याआधी त्यांनी डोळ्यांची तपासणी करून आणायला लावली. रोज घरी गेल्यावर तळपाय आरशात बघायचे, ही सवयही त्यांचीच.

ज्यांच्यासाठी त्या हे लिहायला सांगतायत त्यांना मी एवढं सांगेन. पहिले पंधरा दिवस लाज वाटते. समोर सत्तर वर्षांची आजी तुमच्यापेक्षा जास्त वेळा उठते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या शिव्या देतात. आणि मग एके दिवशी एक उशी काढतात, आणि तुम्ही उठता. मला वाटलं मॅडमनी खालून ढकललं की काय. मग दुसरी उशी गेली. मग भिंतीवर हात ठेवून जोर, मग दोन-दोन किलोचे डंबेल, मग जमिनीवरून उचलायची लोखंडी दांडी, आधी रिकामी, मग चकत्या लावून. दोन दिवसांत एक दिवस विश्रांती. घाई नाही. रिपोर्टातला आकडा पुन्हा नीट झाला, पण या वेळी पोटभर जेवून. मंगल भात खायला लागली. मीही, मुठीएवढा.

सहाव्या महिन्यात मी भरलेला सिलिंडर उचलून जागेवर ठेवला. कमरेतून न वाकता, शिकवल्यासारखा. उभा राहिलो, श्वास सोडला आणि मंगलकडे बघितलं. कौतुकाची वाट बघत होतो.

"आता तोंड उघडा," ती म्हणाली. "ताकद आली ना?"

*

शरीर सुधारत होतं तसं माझं मन थाऱ्यावर राहीना. अशक्त होतो तोवर सबब होती. आता वर्गातून वर्गात उगाच फिरायचो, धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायचो. दिगूचं मात्र उलटं. तो हसायचा, पण गावात देवळाकडे जायचा बंद झाला होता. गणपतीत आरतीला मागे उभा राहिला. सुमननं मंगलला सांगितलं, टेम्पो भाड्यानं ठरवायला कुणी आलं की हा आधी दोन पावलं मागे सरून बोलतो.

जानेवारीचा शेवटचा शुक्रवार. नेहा मॅडमनी दिगूचा हात वर-खाली करून बघितला. "छान. आता हा खांदा कुठलंही काम करेल. शिमग्याला पालखी घ्याल ना?"

त्यांना काही माहीत नव्हतं. दिगू हसला. "आमच्या हातात कोण देतोय पालखी, मॅडम. आम्ही पाडणारी माणसं."

मी खुर्चीत बसलो होतो. उठायची पाळी होती, उठलो नाही.

"दिगू, ती मी पाडली."

"काय?"

"पालखी. मला साखर आहे. चार वर्षं झाली. त्या दिवशी गोळी घेतली होती आणि उपाशी होतो. खाली बसलो आणि उठता आलं नाही."

"साखर? तुला?"

"हो."

तो रबर धरून उभा राहिला. "आधी गुडघा टेकला कुणाचा?"

"माझा."

"नक्की आधी?"

"आधी. टेम्पोत तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं."

नेहा मॅडम दुसऱ्या खोलीत गेल्या. दिगूनं रबराची गाठ सोडली, रबर नीट गुंडाळलं, खिळ्याला लावलं. दाराशी जाऊन चपला घातल्या. उजवी डाव्यात गेली, परत काढली, परत घातली. मग जिना उतरून गेला. तो नेहमी माझ्या स्कूटरवरून स्टँडला यायचा. मी खाली पोचलो तेव्हा रस्त्यावर नव्हता.

पुढच्या मंगळवारी आला नाही. शुक्रवारीही नाही. मी फोन केला, सुमननं उचलला. "ते बाहेर गेलेत," म्हणाली. मागे त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

*

शिमग्याआधीची गावकीची बैठक देवळात असते. सतरंजीवर साठेक माणसं. दिगू खांबाला टेकून सगळ्यांत मागे. बैठकीला यायची बंदी त्याला नव्हती, तो येत नव्हता एवढंच. त्या दिवशी का आला ते मी विचारलेलं नाही. खांदेकऱ्यांची नावं निघाली. आमच्या वाडीशी आल्यावर आप्पा म्हणाले, "पुढं सुहास. मागं कोण?"

मी उभा राहिलो.

"बस, बसून बोल," आप्पा म्हणाले.

"नको आप्पा, उभ्यानंच बोलतो." आणि सगळं सांगितलं. गोळी, उपास, गुडघा, टेम्पो. मी आयुष्यात साठ माणसांसमोर कधी बोललो नव्हतो. आवाज चिरका येत होता.

पुढून एक जण म्हणाला, "म्हणजे अंगात रोग ठेवून देवीला खांदा लावलास तू?"

"रोगानं नाय पडलो. लपवला म्हणून पडलो. खाऊन आलो असतो तर उभा राहिलो असतो."

"रीत मोडून खायचं काय?"

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "गोळी तर आमची पण चालू हाय."

आप्पांनी वळून बघितलं. "तुझी?"

"मग? तुमची नाय काय? एकाच दुकानातून नेतो ना आपण?"

हसण्याची एक लाट गेली. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "गोळीवाल्या खांदेकऱ्यानं खाऊन यायचं," ते म्हणाले. "देवीला चालेल. गाऱ्हाणं घालताना तिला तसं सांगू." मग आवाज बदलून, "दिगंबर, तुला काय बोलायचं असेल तर बोल."

दिगू उठला नाही. खांबाला टेकूनच बोलला, माझ्याकडे न बघता.

"लोक बोलले त्याचं मला काय नाय. पूर्वी प्यायचो, लोकांनी बगितलानी, लोक बोलणार. पण भाई बोलला म्हणून माझा माझ्यावरचा विश्वास गेला. मला वाटलं, घेतली असेन आणि आठवत नसेल. वर्षभर मी रोज सकाळी हातावर फुंकर मारून स्वतःचं तोंड हुंगत होतो."

मला बसायचं होतं आणि बसता येईना.

गावकीनं ठरवलं: दिगूवरचा ठपका गेला, तो पालखी घेईल. पुढच्या खांद्याला कोण, ते यंदा दिगूनं सांगायचं. त्याच्या मर्जीबाहेर तिथे कुणी उभं राहणार नाही.

"सांगतो," दिगू म्हणाला. "आज नाय."

*

शिमगा आता अठरा दिवसांवर आहे. अजून त्यानं सांगितलेलं नाही.

मी थांबू शकत नाही, म्हणून व्यायाम करतो. खांदा मिळेल म्हणून करतो असं नाही. तो न मिळालेलाच बरोबर होईल असंही कधी कधी वाटतं. माझ्या जागी उभा राहायला पुतण्या, दिगूचा मुलगा, तयार आहे. मी ओट्यावर बसेन, मान फिरवणार नाही, एवढं ठरवलंय.

परवाच्या मंगळवारी मी खुर्चीशी होतो. आता हातात दोन डंबेल असतात. दार वाजलं आणि दिगू आत आला. माझ्याशी बोलला नाही. "मॅडम, खांदा जरा धरतोय," म्हणाला. त्यांनी खांदा बघितला. काही धरलेलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या म्हणाल्या, "बसा थोडा वेळ."

तो माझ्या समोरच्या स्टुलावर बसला. माझे गुडघे बघत राहिला.

"मॅडम, हा किती वेळा उठतो?"

"पंधरा. तीनदा."

"कोण मोजतो?"

"काका स्वतःच मोजतात."

"छ्या," दिगू म्हणाला. "ह्याच्या तोंडच्या आकड्यावर माझा विश्वास नाय. मी मोजतो." आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून, "खाऊन आलास काय?"

"दोन भाकऱ्या. आणि मासा."

"कुठला?"

"मांदेली."

"मग ऊठ."

मी उठलो. तो मोजू लागला, मोठ्यानं, टेम्पोत पेट्या चढवताना मोजतो तसा. दहापर्यंत बरं चाललं. बाराव्याला मांड्या पेटल्या. चौदाव्याला डोळ्यांत घाम गेला. पंधराव्याला मी उभा राहिलो आणि डंबेल खाली ठेवायला वाकणार, तेवढ्यात तो म्हणाला, "सोळा."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता.

मी बसलो आणि पुन्हा उठलो.

"सतरा," दिगू म्हणाला.